विद्येचा वंश : बाळंभटदादा देवधर

एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहायला बसले की सामान्यतः साधनांची अडचण पडत नाही. त्याचे ग्रंथ असतात, पत्रव्यवहार असतो, समकालीनांच्या आठवणी असतात. ज्यांचे चरित्र मी येथे सांगणार आहे त्यांच्याबाबत यांपैकी फारच थोडे हाती लागते. त्यांच्या नावावर एकही ग्रंथ नाही. आपली विद्या त्यांनी कागदावर उतरवली नाही, ती शिष्यांच्या अंगात उतरवली. ते शिष्य गेले, त्यांचे शिष्यही गेले, आणि तरीही ती विद्या आज जिवंत आहे. मल्लखांबाचे आद्यगुरू बाळंभटदादा देवधर हे ते चरित्रनायक.

मल्लखांब आपल्याला अपरिचित नाही. प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमात किंवा जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धांत तेल लावलेल्या गुळगुळीत खांबावर सरसर चढून उलटीसुलटी आसने करणारी मुले आपण पाहिलेली असतात. आपण टाळ्या वाजवतो आणि घरी जातो. ही विद्या आली कोठून, कोणी कोणाला शिकवली, हा प्रश्न सहसा मनात येत नाही. घराण्यांचे वंशवृक्ष आपण हौसेने जपतो, परंतु विद्येलाही वंश असतो आणि तो रक्ताच्या वंशापेक्षा अधिक जपावा लागतो, हे आपण विसरतो. बाळंभटदादांचे आयुष्य मला त्यासाठीच महत्त्वाचे वाटते.

त्यांचा जन्म १७८० च्या सुमारास नाशिकजवळ गोदाकाठच्या कोठुरे या गावी झाला. तो काळ मराठी राज्याच्या उतरणीचा होता. ते पंधरा वर्षांचे झाले त्या वर्षी, मार्च १७९५ मध्ये, मराठ्यांनी खर्ड्याच्या लढाईत निजामाचा पराभव केला. सर्व मराठे सरदार एका झेंड्याखाली लढल्याची ती अखेरची मोठी लढाई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सवाई माधवराव पेशवे शनिवारवाड्यात पडून मृत्यू पावले. त्यानंतर वर्षभर पुण्यात कारस्थानांचा नुसता बाजार भरला होता. अखेर डिसेंबर १७९६ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली. बाळंभट देवधर पुण्यात नावारूपाला आले ते याच बाजीरावाच्या कारकिर्दीच्या आरंभी.

कसे आले, याची कथा महाराष्ट्रातल्या प्रत्येक आखाड्यात सांगितली जाते. निजामाच्या हैदराबादेहून अली आणि गुलाब नावाचे दोन बलाढ्य पैलवान पुण्यात आले. जागोजागचे मल्ल त्यांनी लोळवलेले होते. त्यांनी पेशव्यांकडे मागणी केली, की आमच्याशी लढेल असा मल्ल पुढे करा, नाही तर आम्हांला जितपत्र लिहून द्या. दरबारातले नामांकित पैलवान माना खाली घालून बसले. तेव्हा अठराएक वर्षांचा एक सडपातळ ब्राह्मण तरुण उठला आणि त्याने आव्हान स्वीकारले. तयारीसाठी थोडी मुदत मागून घेऊन तो वणीच्या सप्तशृंग गडावर गेला आणि अठराभुजा देवीच्या पायाशी त्याने अनुष्ठान मांडले. देवीने दृष्टांत दिला, प्रत्यक्ष मारुतीने वानररूपाने येऊन झाडाच्या खोडावर त्याला डावपेच करून दाखवले. ते आत्मसात करून तो पुण्यास परतला. कुस्तीत त्याने गुलाबला असे काही धरले की पाहणारे थक्क झाले. ते पाहून अलीने न लढताच पुण्यातून काढता पाय घेतला. पेशव्यांनी तरुणाचा सन्मान केला आणि पुढे तो दादा म्हणून ओळखला जाऊ लागला.

कथा मोठी रंगतदार आहे. ऐकताना कोणाही मराठी माणसाच्या अंगावर मूठभर मांस चढावे अशी. परंतु इतिहासाच्या विद्यार्थिनीने येथे थोडे थांबावे असे मला वाटते.

पहिली गोष्ट अशी, की खांबावर चढून मल्लाने कष्ट करण्याची रीत बाळंभटदादांच्या फार आधीची आहे. कल्याणच्या चालुक्य घराण्यातल्या सोमेश्वर राजाने बाराव्या शतकात मानसोल्लास नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने काय खावे, काय ल्यावे, कोणत्या करमणुकीत रमावे, याचा तो एक कोशच आहे. त्यातल्या मल्लांविषयीच्या भागात मल्लाने नित्य करावयाच्या व्यायामांत खांबावरच्या व्यायामाचा समावेश आहे. गुजरातेतल्या ज्येष्ठीमल्लांच्या मल्लपुराणातही स्तंभश्रमाचा उल्लेख येतो. म्हणजे खांब होता आणि त्यावर अंग घुसळणारे मल्लही होते. बाळंभटदादांनी शून्यातून काही निर्माण केले असे नाही.

दुसरी गोष्ट अशी, की प्राण्याला पाहून युद्धविद्या सुचल्याच्या कथा जगात अन्यत्रही सापडतात. चीनमध्ये ताइ ची नावाची एक विद्या आहे. संथ, वाहत्या पाण्यासारख्या हालचालींची ही विद्या मुळात लढण्याची. झांग सानफेंग नावाच्या एका योग्याने साप आणि पक्षी यांची झुंज पाहिली आणि त्यातून त्याला ती स्फुरली, असे तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. १९३० नंतरच्या काळात तांग हाओ नावाचा एक चिनी संशोधक चेन घराण्याच्या मूळ गावी गेला. त्याने तेथली कुळाची कागदपत्रे चाळली आणि योग्याची कथा बाजूला ठेवून सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंग या सैनिकी पेशाच्या माणसापर्यंत त्या विद्येचा माग काढला. चेन घराण्याने ती विद्या पुष्कळ काळ गावाबाहेर जाऊ दिली नव्हती. ती बाहेर नेली यांग लुचान या परक्या शिष्याने. त्याचा जन्म १७९९ चा आणि मृत्यू १८७२ चा, म्हणजे तो आपल्या बाळंभटदादांचा धाकटा समकालीनच. आज जगभर कोट्यवधी माणसे पहाटे बागेत उभी राहून जे ताइ ची करतात, त्यातले बरेचसे या परक्या शिष्याच्या शाखेचे आहे. ज्या शाखा एकाच घरात किंवा एकाच गावात राहिल्या, त्या दुर्मीळ झाल्या.

या दोन कथा शेजारी ठेवल्या म्हणजे माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते. विद्येला देवाचा किंवा योग्याचा हात लागला की तिची प्रतिष्ठा वाढते, हे खरे. परंतु त्याच वेळी ज्या माणसाने ती घाम गाळून घडवली, त्याचे कष्ट झाकले जातात. गडावर मारुतीने सर्व काही शिकवले असे म्हटले की बाळंभटदादांकडे फक्त भाग्य उरते. मी ती कथा निराळ्या रीतीने वाचते. आव्हान स्वीकारलेला एक सडपातळ मुलगा रानात जातो. सप्तशृंगाच्या रानात वानरे आजही उदंड आहेत. बलवान गड्याला बळाने जिंकता येणार नाही हे त्याला कळते. वानर खोडाला मांडीने कसा आवळतो, हात मोकळे ठेवून उलटा कसा लोंबतो, एका क्षणात बाजू कशी बदलतो, हे तो दिवसचे दिवस पाहतो आणि स्वतः करून पाहतो. त्याची कातडी सोलवटते, तो पडतो, पुन्हा चढतो. यात देवीची श्रद्धा आहेच. श्रद्धेवाचून एवढे कष्ट कोणी करत नाही. पण कष्टही आहेत, आणि ते त्याचे स्वतःचे आहेत.

बाळंभटदादांनी नेमके काय केले, हे समजण्यासाठी खांबाकडे जरा जवळून पाहिले पाहिजे. पुरलेला मल्लखांब सागाचा किंवा शिसवीचा असतो. जमिनीवर त्याची उंची साधारण साडेआठ-नऊ फूट. बुडाशी तो जाड असतो आणि वर निमुळता होत जातो. वर बारीक मान आणि मानेवर गोल बोंड. घर्षणाने अंग सोलू नये म्हणून त्याला एरंडेल लावतात. पैलवानाला हा खांब म्हणजे न थकणारा जोडीदार. त्याची मान धरता येते, कंबर आवळता येते, त्याच्यावर झेप घालता येते, आणि तो कधी कुरकुर करत नाही. आरंभी याचा उपयोग एवढाच होता.

त्यावर जी भाषा उभी राहिली ती मात्र थक्क करणारी आहे. दोन्ही हातांनी खांब धरून कंबर वर फेकायची, डोके खाली आणि पाय वर जातात, ती उडी. साधी उडी, बगली उडी, दसरंग उडी असे तिचे प्रकार. वर गेल्यावर मांड्यांच्या चिमट्यात खांब आवळून हात सोडून द्यायचे, ती अढी. त्यापुढे तेढी, वेल, सुईदोरा, सलामी, फरारा, ताजवा, झाप, उतरत्या. प्रत्येक शब्द शरीराच्या एका नेमक्या अवस्थेचे नाव आहे आणि एकातून दुसऱ्यात जाण्याचे नियम ठरलेले आहेत. अढी पक्की झाल्याशिवाय तेढीला हात घालायचा नाही. डावी बाजू झाली की उजवी केलीच पाहिजे. आधी काय आणि मग काय, हा क्रम ज्या विद्येत असतो तीच दुसऱ्याला शिकवता येते. कुस्तीच्या पूरक मेहनतीचे स्वतंत्र शास्त्र झाले ते या क्रमामुळे. ते घडवण्याचे आणि रुजवण्याचे श्रेय परंपरा एकमुखाने बाळंभटदादांना देते, आणि गुलाबवरच्या विजयापेक्षा मला ही कामगिरी कितीतरी मोठी वाटते. कुस्ती एका दिवसात संपली. क्रम सव्वादोनशे वर्षे चालला.

खांबाला भाऊबंदही पुष्कळ आहेत. एक टांगता मल्लखांब, हा आखूड खांब साखळीने टांगलेला असतो आणि गरगर फिरतो. काचेच्या बाटल्यांवर ठेवलेल्या फळीवर तोललेला एक प्रकार आहे. त्याला कशाचाच भक्कम आधार नाही. आणि एक वेताचा. वेत मिळेनासा झाला तसा त्याच्या जागी सुती दोर आला. दोरीच्या मल्लखांबात दोर पायाचा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात पकडून वर चढावे लागते आणि गाठ मारायला सक्त मनाई असते. सगळा भार अंगाच्या आणि दोराच्या विळख्यावर. एक वळसा चुकला तर माणूस खाली.

आता आपण पुन्हा बाळंभटदादांच्या आयुष्याकडे वळू. आखाड्यातल्या कथेत ते अठरा वर्षांचे असतानाच त्यांचे चरित्र संपते. प्रत्यक्षात त्यानंतर ते पन्नासाहून अधिक वर्षे जगले. आणि ती वर्षे काही साधीसुधी नव्हती. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकराने हडपसरला पेशव्यांचा पराभव केला. बाजीराव पळून वसईला गेला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून बसला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. पुढे बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले. जून १८१८ मध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. सालीना आठ लाख रुपये घेऊन त्याने पुण्यापासून दूर, कानपूरजवळ गंगेच्या काठी ब्रह्मावर्त म्हणजे बिठूर येथे राहावे असे ठरले. त्याच्यामागून हजारो आश्रित उत्तरेला गेले. भिक्षुक, कारकून, शिलेदार, आचारी, गवई. त्यांच्यातच बाळंभटदादाही होते.

तेव्हा ते चाळिशीच्या घरात असतील. मल्लाच्या आयुष्यात चाळिशी म्हणजे संध्याकाळ. राज्य गेलेले, मुलूख परका, भाषा परकी, धनी पेन्शनीवर जगणारा. अशा वेळी पुष्कळांनी गंगास्नान करून जुन्या आठवणी काढत उरलेले दिवस घालवले. बाळंभटदादांनी आखाडा घातला. बिठूरच्या त्या वाड्यात पुढे एक नवी पिढी वाढली. बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब, येवल्याहून आलेल्या भट घराण्यातले तात्या टोपे, मोरोपंत तांब्यांची मनू. या मुलांनी लाठी, तलवार आणि घोडेस्वारी यांच्या जोडीने मल्लखांबाचेही धडे घेतले, असे परंपरा सांगते. मनू पुढे झाशीची राणी झाली. तिच्या शरीराला जी चपळाई होती तिच्यामागे बिठूरच्या आखाड्यातली माती होती, असे मानायला माझे मन सहज तयार होते.

शिष्य करताना बाळंभटदादांनी एक गोष्ट अशी केली की जिच्यामुळे विद्या वाचली. त्यांनी ती एका दरबारात बांधून ठेवली नाही. त्यांचे पट्टशिष्य कोंडभटनाना गोडबोले यांनी काशीला आखाडा घातला. काशी म्हणजे सर्व हिंदुस्थानच्या विद्यार्थ्यांची पेठ. वेद शिकायला आलेला मुलगा पहाटे आखाड्यात खांबही शिकायचा आणि गावी परतताना दोन्ही विद्या घेऊन जायचा. बाळंभटदादांचे पुत्र नारायणगुरू आणि शिष्य दामोदरगुरू मोघे यांनी ही परंपरा पुढे चालवली. अच्युतानंद स्वामींमुळे ती माळव्यात रुजली. उज्जैनला त्यांच्या नावाचा आखाडा आहे. अशा रीतीने नाशिकच्या गोदाकाठी जन्मलेली विद्या गंगाकाठी वाढली आणि क्षिप्रेच्या काठावरून फिरून पुन्हा महाराष्ट्रात आली.

२८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला आणि पुढच्याच वर्षी, १८५२ मध्ये, बाळंभटदादांनी देह ठेवला. आणखी पाच वर्षांनी सत्तावन्नचा वणवा पेटला. इंग्रजी फौजांनी बिठूर घेतले, नानासाहेबांचा वाडा जमीनदोस्त केला. नानासाहेब परागंदा झाले, ते पुन्हा दिसले नाहीत. तात्या टोपे फासावर गेले, राणी रणात पडली. विद्या बिठूरच्या वाड्यातच राहिली असती तर त्या वाड्याबरोबर तीही संपली असती. पण तोवर ती काशीच्या गल्लीत आणि शिष्यांच्या अंगात सुरक्षित होती. राज्य बुडाले, विद्या तरली. यातला भेद आपण नीट लक्षात घेतला पाहिजे. राज्य वारसाला मिळते आणि वारस एकच असतो. विद्या शिष्याला मिळते आणि शिष्य कितीही करता येतात.

बाळंभटदादांच्याच काळात युरोपात एक माणूस असेच काम करत होता. जर्मनीच्या फ्रीड्रिख यान याचा जन्म १७७८ चा आणि मृत्यू, योगायोगाने, १८५२ चाच. नेपोलियनने आपला देश तुडवला याची चीड मनात धरून त्याने १८११ मध्ये बर्लिनजवळच्या मोकळ्या मैदानावर तरुणांची पहिली व्यायामशाळा काढली. आजच्या जिम्नॅस्टिक्समधला सिंगल बार आणि डबल बार रूढ होण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. राजसत्तेला त्याच्या तरुणांची भीती वाटली. १८१९ मध्ये त्याला तुरुंगात टाकले आणि पुढे त्याच्या व्यायामपद्धतीवर बंदी आली. तरीही ती टिकली. त्याचे एक कारण असे, की १८१६ मध्येच त्याने आपल्या व्यायामाचा ग्रंथ छापला होता. आपल्याकडे मल्लखांबासह देशी व्यायामाची सविस्तर लिखापढी व्हायला विसावे शतक उजाडावे लागले. बडोद्याला दत्तात्रय चिंतामण करंदीकर ऊर्फ मुजुमदार यांनी १९३६ पासून पुढे दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश सिद्ध केला. हा मराठीतला एक अपूर्व प्रकल्प आहे. त्याआधीची शंभरएक वर्षे ही विद्या केवळ माणसांच्या अंगावर लिहिलेली होती.

आणि पाहा, त्याच १९३६ सालात यानच्या त्याच बर्लिन शहरात ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा तेथे आपल्या वऱ्हाडातली मुले मल्लखांब करून दाखवत होती. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा तो चमू. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये लावलेले हे रोपटे. कोणाची पद्धत जुनी आणि कोणी कोणाचे उचलले, असल्या वादात मला रस नाही. दोन गुरू, एक गंगाकाठी आणि एक जर्मनीत, एकमेकांचे नावही न ऐकता एकाच वर्षी निवर्तले. चौऱ्याऐंशी वर्षांनी एकाच्या परंपरेची मुले दुसऱ्याच्या शहरात प्रात्यक्षिके करत होती, एवढे चित्र मला पुरेसे वाटते.

या वंशाविषयी आणखी एक गोष्ट बोलली पाहिजे. बाळंभटदादांच्या शिष्यांची जी आडनावे आपल्यापर्यंत पोहोचली ती बहुतेक एकाच ज्ञातीतली आहेत. त्या काळाचा विचार करता त्यात नवल नाही. तसेच अली आणि गुलाब यांच्या कथेलाही आज कोणी भलताच रंग देऊ शकेल. परंतु आखाड्याची परंपरा इतकी अरुंद नाही. बडोद्याचे जुम्मादादा हे मुसलमान उस्ताद. त्यांचे शिष्य प्रोफेसर माणिकराव. गुरूचे ऋण फेडण्यासाठी माणिकरावांनी आपल्या व्यायाममंदिराला जुम्मादादांचेच नाव दिले. विद्येच्या वंशात जात आणि धर्म यांचा शिरकाव होऊ नये. झालाच तर वंश खुंटतो. आज खांबावर सर्व समाजांतली, बहुधा साध्या घरांतली मुले चढतात. बाळंभटदादांचे खरे वारस तीच.

मुलींनाही त्या वारशात वाटा मिळाला, पण फार उशिरा. मनूचे नाव आपण अभिमानाने घेतो. मात्र तिच्यानंतर कित्येक दशके आखाड्याच्या दारातून मुलीला आत येता येत नव्हते. पुढे दोरीच्या मल्लखांबाने ते दार उघडले. १९८१ मध्ये उज्जैनला अखिल भारतीय स्पर्धा झाली आणि मल्लखांब स्वतंत्र खेळ म्हणून उभा राहिला. २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यखेळाचा मान दिला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि परदेशी मुलेमुली आपल्या सलामीने खांबाला वंदन करताना दिसली. अर्जुन पुरस्काराच्या यादीत मल्लखांबाचे नाव आले ते हिमानी परब या मुलीच्या रूपाने. शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिराचे उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्यभर शिकवण्याचेच काम केलेल्या माणसाला हा मान मिळाला, हे बाळंभटदादांच्या परंपरेला साजेसेच झाले.

ही विद्या आमच्या ढाणकीपर्यंत कशी येते, तेही थोडक्यात सांगते. पैनगंगेच्या या खोऱ्यात आमचे आयुष्य कापूस, ऊस आणि हळद यांच्या हंगामांवर चालते. शाळेत असताना आम्हां दहा-बारा मुलींना एका सरांनी दोरीचा मल्लखांब शिकवला. त्यांनी तो अमरावतीच्या एका उन्हाळी वर्गात शिकून घेतला होता. तेथे त्यांना शिकवणाऱ्यांचे गुरू कोण, त्यांचे गुरू कोण, असे मी एकदा त्यांना विचारत गेले. दोन पायऱ्यांपुढे त्यांनाही सांगता येईना. पण अढी आवळताना घोट्यांची ठेवण कशी हवी, हे मात्र त्यांना अगदी नेमके ठाऊक होते. ती ठेवण कोणीतरी त्यांच्या पायाला हात लावून दाखवली होती, आणि त्या कोणालातरी आणखी कोणीतरी. असे मागे मागे जात गेले तर आपण कोठे पोहोचतो, या विचाराने मला त्या दिवशी रात्री झोप लागली नाही. नावे गळून पडली होती, घोट्याची ठेवण टिकली होती. वंशावळ लिहिण्याची ही एक निराळीच लिपी म्हणायची.

पुढे सर निवृत्त होऊन आपल्या गावी गेले. त्यांच्या जागी मल्लखांब जाणणारे कोणी आले नाही. दोर उतरवला गेला आणि अडगळीच्या खोलीत गेला. यात कोणाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पण एवढे मात्र खरे, की विद्येची साखळी तुटायला परचक्र यावे लागत नाही, वाडे जळावे लागत नाहीत. एक माणूस निवृत्त होतो आणि त्याच्याकडून घेणारा कोणी नसतो, एवढे पुरे होते. सत्तावन्नने जे केले नाही ते एखाद्या खेड्यात एका उन्हाळ्यात होऊन जाते.

म्हणून बाळंभटदादांच्या चरित्रातला कोणता भाग आपण पुढच्या पिढीला सांगायचा, हा प्रश्न मला साधा वाटत नाही. जितपत्राची कथा सांगितली तर मुलांना वाटेल की थोरपण एका दिवसाच्या पराक्रमात असते आणि तेही देव प्रसन्न झाला तरच हाती येते. बिठूरचे दिवस सांगितले तर त्यांना कळेल की राज्य गेलेल्या, परक्या मुलखात पडलेल्या, वय उतरणीला लागलेल्या एका माणसाने रोज पहाटे उठून दुसऱ्यांच्या मुलांना अढी शिकवली, आणि त्यामुळे आज जगाला मल्लखांब ठाऊक आहे. पहिली कथा ऐकायला गोड आहे. दुसरी आपल्या आवाक्यातली आहे.

आपल्यापैकी पुष्कळजण उद्या शिक्षक होतील. कोणी इतिहास शिकवील, कोणी मराठी, कोणी खेळाच्या तासाला मुलांना मैदानावर नेईल. आपण शिकवलेले कोणाच्या नावावर जमा होणार, याचा हिशेब कोणी ठेवणार नाही. बाळंभटदादांचाही तो नीटसा ठेवला गेला नाही. त्याने त्यांचे काही बिघडले नाही. सध्या रविवारी सकाळी आमच्या गल्लीतल्या दोन मुली माझ्याकडे येतात. दोर अजून मिळालेला नाही, म्हणून जमिनीवरच घोट्यांची ठेवण करून घेते आहे. त्यांनी अद्याप बाळंभटदादांचे नाव विचारलेले नाही. अढी बसली, की सांगेन.